तिघांची वेळ ९.८८, मग रौप्य कुणाचं? जागतिक अ‍ॅथलेटिक्समध्ये पदक कसं ठरतं

२० ऑगस्ट २०२३, बुडापेस्ट. जागतिक अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतली पुरुषांची १०० मीटरची अंतिम शर्यत संपली आणि फलकावर निकाल उमटला. अमेरिकेचा नोआ लाइल्स पहिला, ९.८३ सेकंद. त्याच्याखाली बोत्स्वानाचा लेत्सिले तेबोगो, ब्रिटनचा झार्नेल ह्यूज आणि जमैकाचा ओब्लिक सेव्हिल. तिघांच्याही नावापुढे एकच आकडा होता, ९.८८. तरी तेबोगोला रौप्य मिळालं, ह्यूजला कांस्य आणि सेव्हिल पदकाविना परतला.

वेळ सारखी असताना एकाला पदक आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे बघताना खटकतं. पण त्या तिघांची वेळ खरं तर सारखी नव्हती. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलं तर तेबोगो ९.८७३, ह्यूज ९.८७४ आणि सेव्हिल ९.८७७. फलकावर मात्र शंभराव्या भागापर्यंतचीच वेळ दाखवतात आणि ती नेहमी वरच्या आकड्याला नेतात. शाळेत आपण शिकलो त्या हिशेबानं ९.८७३ चे ९.८७ झाले असते. इथे तसं चालत नाही. ९.८७० च्या पुढे एक हजारांश जरी गेला, तरी वेळ ९.८८ लिहिली जाते.

उड्यांमध्ये आणि फेकीमध्ये नेमकं उलटं. भाला ८८ मीटर १७ सेंटिमीटर आणि वर काही मिलिमीटर गेला, तर ते मिलिमीटर सोडून देतात. म्हणजे वेळ वर ओढायची आणि अंतर खाली. दिशा उलट्या, पण तत्त्व एकच: खेळाडूनं जे पूर्णपणे कमावलं नाही, ते त्याच्या नावावर लिहायचं नाही. मला हा नियम फार आवडतो. तो कडक आहे, पण सगळ्यांसाठी सारखाच कडक आहे.

आता मूळ गोष्ट. या स्पर्धेत पदक वेळेला मिळत नाही, अंतरालाही मिळत नाही. ते क्रमांकाला मिळतं. त्या दिवशी, त्या मैदानावर, समोर असलेल्यांमध्ये तुम्ही कितवे आलात, एवढंच विचारलं जातं. वेळ आणि अंतर ही तो क्रमांक लावण्याची साधनं आहेत. हे एकदा लक्षात आलं की चुकीचे वाटणारे बरेच निकाल आपोआप उलगडतात.

रेषेवरचा फोटो

एक हजारांश सेकंद म्हणजे किती? अंतिम रेषेपाशी हे धावपटू सेकंदाला साधारण ११ मीटर वेगानं येतात. म्हणजे एका हजारांशात जेमतेम एक सेंटिमीटर. तेबोगो आणि ह्यूज यांच्यात करंगळीच्या रुंदीएवढं अंतर होतं. सेव्हिलचं कांस्य तीन-साडेतीन सेंटिमीटरनं हुकलं.

हे डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. म्हणून रेषेच्या सरळ रेघेत एक खास कॅमेरा बसवलेला असतो. आपला नेहमीचा कॅमेरा एका क्षणी समोरचं सगळं दृश्य टिपतो. हा कॅमेरा फक्त अंतिम रेषेची एक अगदी अरुंद पट्टी बघतो, पण सेकंदाला हजारो वेळा बघतो. त्या पट्ट्या एकमेकींशेजारी चिकटवल्या की जे चित्र तयार होतं, त्यात डावीकडून उजवीकडे जागा नसते, वेळ असते. चित्रातला प्रत्येक उभा पट्टा म्हणजे त्याच रेषेवरचा वेगळा क्षण. म्हणूनच फोटो फिनिशमध्ये धावपटूंचे पाय लांबलेले, हात वाकडेतिकडे दिसतात. ती छायाचित्रकाराची चूक नसते, चित्रच तसं बनतं.

मग पंच त्या चित्रावर एक उभी रेघ सरकवत प्रत्येकाच्या धडाच्या पुढच्या टोकाला टेकवतात. धड महत्त्वाचं. डोकं, मान, हात, पाय यांतलं काहीही आधी पोचलं तरी ते धरत नाहीत. म्हणून शेवटच्या पावलावर धावपटू छाती पुढे झोकून देतात. हे झोकणंही अचूक जमावं लागतं. लवकर झुकलात तर तोल आणि वेग जातो, उशिरा झुकलात तर रेषा मागे पडलेली असते.

१९९३ मध्ये श्टुटगार्टला महिलांच्या १०० मीटरमध्ये अमेरिकेची गेल डेव्हर्स आणि जमैकाची मर्लिन ऑटी यांची अधिकृत वेळ सारखीच लागली, १०.८२. फोटो बघून सुवर्ण डेव्हर्सला देण्यात आलं. ही रेषेवरची चढाओढ फक्त १०० मीटरपुरती आहे, असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत पुरुषांची मॅरेथॉन ४२ किलोमीटर धावून झाल्यावर रेषेवर ठरली. टांझानियाचा अल्फॉन्स सिम्बू आणि जर्मनीचा अमानाल पेट्रोस, दोघांची वेळ दोन तास ९ मिनिटं ४८ सेकंद. सिम्बू ०.०३ सेकंदानं पुढे होता. दोन तासांहून जास्त वेळ धावून शेवटी छातीनं रेषा गाठण्याची धडपड करणारी ती दोन माणसं ज्यांनी पाहिली, ती विसरणार नाहीत.

सुरुवातीचा दहावा भाग

शर्यतीच्या दुसऱ्या टोकालाही असाच बारीक हिशेब चालतो. धावपटू ज्या ब्लॉकवर पाय टेकवून बसतात, त्यात पायाचा दाब ओळखणारी यंत्रणा असते. बंदुकीचा आवाज झाल्यापासून ०.१०० सेकंदाच्या आत कुणी जोर लावला, तर ती चुकीची सुरुवात. आवाज कानात शिरून, मेंदूपर्यंत जाऊन, पायाला हुकूम मिळायला किमान एवढा वेळ लागतोच, असं नियम मानतो. त्याआधी हललात म्हणजे तुम्ही आवाजाची वाट बघितली नाहीत, अंदाज बांधलात. आणि २०१० पासून यात दुसरी संधी नाही, पहिल्याच चुकीला बाहेर.

युसेन बोल्ट २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या डेगू इथे अंतिम फेरीत असाच बाहेर गेला आणि त्याचाच सहकारी योहान ब्लेक जगज्जेता झाला. बोल्टची चूक सगळ्या जगाला उघड्या डोळ्यांनी दिसली होती. २०२२ मध्ये अमेरिकेत युजीन इथे डेव्हन अ‍ॅलनचं तसं नव्हतं. तो ११० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत होता, ज्या विद्यापीठासाठी धावला त्याच विद्यापीठाच्या मैदानावर. त्याची प्रतिक्रिया नोंदली गेली ०.०९९ सेकंद. एक हजारांश लवकर. त्याला बाजूला केलं गेलं. ०.१०० ही मर्यादा माणसाच्या शरीराला खरोखर लागू पडते का, यावर तेव्हापासून पुष्कळ चर्चा झाली आहे. मला स्वतःला वाटतं की एवढ्या बारीक फरकानं माणसाची सगळी स्पर्धा संपवण्याआधी या आकड्याचा पुन्हा विचार व्हायला हवा.

वाऱ्याचा नियम मात्र अनेक जण चुकीचा समजतात. पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वेगानं वारा असेल, तर विक्रम धरत नाहीत. पण पदकाला त्यानं काहीच होत नाही, कारण वारा सगळ्यांच्याच पाठीशी असतो. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण नायजेरियाच्या टोबी अमुसानचं. युजीनलाच १०० मीटर अडथळा शर्यतीच्या उपांत्य फेरीत तिनं १२.१२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याच संध्याकाळी अंतिम फेरीत ती त्याहूनही वेगानं, १२.०६ सेकंदांत पोचली. पण वारा २.५ मीटरचा होता. म्हणून विश्वविक्रम राहिला १२.१२ आणि सुवर्णपदक मिळालं १२.०६ ला. पदक आणि विक्रम ही दोन वेगळी खाती आहेत, हे यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

वेगवान असूनही बाहेर

अंतिम फेरीपर्यंत पोचण्याचा रस्ताही नीट समजून घ्यायला हवा. १०० मीटरमध्ये उपांत्य फेरीच्या तीन शर्यती होतात. प्रत्येकीतले पहिले दोन थेट पुढे जातात आणि उरलेल्या सगळ्यांमधून वेळेच्या जोरावर आणखी दोन. मधल्या लेन आधीच्या फेरीत सरस ठरलेल्यांना मिळतात, वेळेवर आत आलेल्यांना बहुधा कडेच्या.

बुडापेस्टला अमेरिकेची शॅकॅरी रिचर्डसन उपांत्य शर्यतीत तिसरी आली. थेट प्रवेश हुकला, वेळेमुळे आत आली आणि अगदी कडेची ९ क्रमांकाची लेन वाट्याला आली. तिथून शेजारच्या मधल्या लेनमधली चढाओढ नीट दिसतही नाही. ती एकटीच धावल्यासारखी धावली आणि १०.६५ सेकंदांत जिंकली. जमैकाची शेरिका जॅक्सन १०.७२, शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस १०.७७. रिचर्डसनची ती वेळ या स्पर्धेतला विक्रम ठरली.

वेळेनं आत घेण्याची ही सोय लांब शर्यतींत बुडापेस्टला काढून टाकली होती. १५०० मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींत फक्त क्रमांकच धरला गेला. आपल्या अविनाश साबळेला त्याचा फटका बसला. ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत तो ८ मिनिटं २२.२४ सेकंदांत सातवा आला. प्रत्येक शर्यतीतले पहिले पाचच पुढे जाणार होते. वेळ कितीही चांगली असती तरी पाचांच्या बाहेर म्हणजे बाहेर. त्यामागचा विचार सरळ आहे. पहिल्या शर्यतीत धावणाऱ्यांना पुढच्यांची वेळ माहीत नसते, शेवटच्या शर्यतीतल्यांना मात्र किती वेळ पुरेल हे ठाऊक असतं. तो अन्याय काढायचा होता. त्यातून दुसरं कठीण घडतं, ते म्हणजे तुमची शर्यत अवघड निघाली तर तक्रारीला जागा उरत नाही.

म्हणूनच अजिंक्यपद स्पर्धेतली १५०० मीटर बघायला वेगळी असते. एरवीच्या मोठ्या शर्यतींमध्ये ठरावीक वेगानं पुढे धावून देणारे पेसमेकर असतात. इथे ते नसतात. पुढे धावायचं म्हणजे वारा आपल्या अंगावर घ्यायचा आणि मागच्यांना आडोसा द्यायचा. नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसन २०२२ आणि २०२३ मध्ये दोन्ही वेळा पुढे राहिला आणि दोन्ही वेळा ब्रिटनच्या धावपटूनं त्याला शेवटी गाठलं. आधी जेक वाइटमननं, मग बुडापेस्टला जोश करनं. करची वेळ ३ मिनिटं २९.३८ सेकंद, इंगेब्रिग्टसनची ३ मिनिटं २९.६५. मजेची गोष्ट म्हणजे वाइटमन आणि कर एडिनबर्गच्या एकाच क्लबमध्ये वाढले.

सहा संधी, एक फेक

भालाफेकीत तर क्रमांकाचं हे तत्त्व अगदी उघड दिसतं. अंतिम फेरीत बारा जण असतात. बुडापेस्टला प्रत्येकाला तीन फेका होत्या, मग पहिल्या आठांना आणखी तीन. त्यांतली सर्वांत लांब गेलेली एकच फेक धरतात. बाकीच्या कितीही वाईट असोत. बरोबरी झालीच, तर दुसऱ्या क्रमांकाची फेक बघतात.

बुडापेस्टला नीरज चोप्राची पहिली फेक फाउल होती. दुसरी ८८.१७ मीटर. तीच शेवटपर्यंत पुरली. पाकिस्तानचा अर्शद नदीम ८७.८२ मीटरवर थांबला, चेक प्रजासत्ताकचा याकुब वाडलेच ८६.६७ वर. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात ३५ सेंटिमीटर. पाचव्या क्रमांकावर किशोर जेना ८४.७७ आणि सहाव्यावर डी. पी. मनू ८४.१४. पहिल्या सहांत तीन भारतीय, असं या स्पर्धेत कुठल्याही प्रकारात भारताच्या वाट्याला त्याआधी आलं नव्हतं.

आता काही आकडे शेजारी ठेवून बघा. नीरजनं २०२२ मध्ये युजीनला ८८.१३ मीटर फेकलं आणि रौप्य मिळवलं, कारण ग्रेनेडाच्या अँडरसन पीटर्सनं ९०.५४ फेकलं होतं. वर्षभरानं चार सेंटिमीटर जास्त फेकून तो जगज्जेता झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं ८९.४५ फेकलं, म्हणजे आपल्या जगज्जेतेपदाच्या फेकीपेक्षा सव्वा मीटरहून जास्त. तिथे नदीमनं ९२.९७ फेकलं आणि नीरज रौप्यावर राहिला. आणि २०२५ मध्ये टोकियोला त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटनं ८८.१६ मीटरवर सुवर्ण जिंकलं, नीरजच्या बुडापेस्टच्या फेकीपेक्षा एक सेंटिमीटर कमी. नीरज तिथे ८४.०३ वर आठवा होता आणि त्याच्या पुढे, चौथ्या क्रमांकावर, आपलाच सचिन यादव होता, ८६.२७ मीटर. ‘रौप्यच मिळालं’ असं म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत.

फेक मोजतानाही बरंच काही सांभाळावं लागतं. भाल्याचं टोक जमिनीला आधी टेकलं पाहिजे. धावपट्टीच्या टोकाला वर्तुळाचा एक कमानदार तुकडा असतो, ८ मीटर त्रिज्येचा. त्याला पाय लागला की फेक बाद. भाला पंख्यासारख्या पसरलेल्या दोन रेघांच्या आत पडायला हवा, रेघेवर पडला तरी बाद. आणि भाला जमिनीवर येईपर्यंत खेळाडूनं धावपट्टी सोडायची नाही.

बुडापेस्टलाच महिलांच्या भालाफेकीत जपानची हारुका कितागुची शेवटच्या, सहाव्या फेकीआधी चौथी होती. ती शेवटची फेक ६६.७३ मीटर गेली आणि सुवर्ण तिचं झालं. महिलांच्या तिहेरी उडीत व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासनंही हेच केलं. सगळी स्पर्धा ती चाचपडत होती, शेवटच्या उडीत १५.०८ मीटर. युक्रेनची मारिना बेख-रोमांचुक १५.०० मीटरवर रौप्याची मानकरी ठरली.

फुल्यांचा हिशेब

उंच उडी आणि पोल व्हॉल्ट (लांब काठीच्या आधारानं मारायची उडी) यांचा तक्ता पहिल्यांदा बघणाऱ्याला कोड्यासारखा वाटतो. प्रत्येक उंचीला तीन संधी. यशस्वी उडीला गोल, चुकलेल्या उडीला फुली, सोडून दिलेल्या उडीला आडवी रेघ. लागोपाठ तीन फुल्या झाल्या की तुमची स्पर्धा संपली.

गंमत बरोबरीच्या वेळी सुरू होते. दोघांनी एकच उंची पार केली, तर आधी बघायचं की ती शेवटची उंची कुणी कमी प्रयत्नांत पार केली. तिथेही बरोबरी असेल, तर सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंत कुणाच्या फुल्या कमी. युजीनला उंच उडीत ऑस्ट्रेलियाची एलनर पॅटरसन आणि युक्रेनची यारोस्लावा माहुचिख, दोघींनी २.०२ मीटर पार केलं. पॅटरसननं पहिल्या प्रयत्नात, माहुचिखनं दुसऱ्यात. तेवढ्यावर सुवर्ण पॅटरसनला. म्हणून सोप्या वाटणाऱ्या उंचीवरची फुलीही क्षुल्लक नसते. तासाभरानंतर तीच पदक नेते.

फुल्याही सारख्या निघाल्या, आणि प्रश्न पहिल्या क्रमांकाचा असला, तर जंप-ऑफ करता येतो. म्हणजे एकेक उडी, चुकली तर पट्टी खाली, जमली तर वर, जोवर एक जण पुढे जात नाही तोवर. पण तो करायचा की नाही, हे खेळाडू ठरवू शकतात. बुडापेस्टला महिलांच्या पोल व्हॉल्टमध्ये ऑस्ट्रेलियाची नीना केनेडी आणि अमेरिकेची केटी मून ४.९० मीटरवर अशाच अडकल्या. ४.९५ दोघींनाही जमलं नाही. दोघींनी मिळून सुवर्ण वाटून घेतलं. त्यामुळे रौप्य कुणालाच नाही, आणि फिनलंडच्या विल्मा मुर्तोला ४.८० मीटरवर कांस्य. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जानमार्को टाम्बेरी यांनीही २.३७ मीटरवर हेच केलं होतं. त्याउलट पॅरिस ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन यांनी जंप-ऑफ घेतला आणि कर जिंकला. वाटून घेणाऱ्यांना काही लोक नावं ठेवतात. मला ते पटत नाही. दोन-अडीच तास उड्या मारून दोघींचा तक्ता फुलीलाही फुली जुळत असेल, तर दोघी पहिल्या आहेत, हेच खरं उत्तर आहे.

डेकॅथलॉन या सगळ्याला अपवाद. दोन दिवसांत दहा प्रकार, आणि प्रत्येकातल्या वेळेचे किंवा अंतराचे ठरलेल्या सूत्रानं गुण. इथे एखाद्या प्रकारात तुम्ही कितवे आलात याला अर्थ नाही. बुडापेस्टला कॅनडाच्या पियर्स लेपाजनं ८९०९ गुण मिळवले, त्याचाच देशबंधू डेमियन वॉर्नरनं ८८०४.

चालण्याची शर्यत आणखी वेगळी, कारण तिथे यंत्राचं नाही, पंचाच्या डोळ्याचं चालतं. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली उभा होईपर्यंत त्याचा गुडघा वाकता कामा नये. संथगतीच्या चित्रणात जवळपास सगळ्यांचे दोन्ही पाय क्षणभर हवेत दिसतात. पण नियम म्हणतो, उघड्या डोळ्यांना दिसलं तरच चूक. तीन पंचांनी लाल कार्ड दिलं तर ठरावीक वेळ बाजूला थांबायचं, चौथ्या कार्डाला बाहेर.

पदकतालिका काय सांगते

बुडापेस्टला एकूण ४९ प्रकार होते. अमेरिकेनं १२ सुवर्णांसह २९ पदकं जिंकली. त्यांच्यानंतर कॅनडा, ४ सुवर्ण आणि २ रौप्य. तिसरा स्पेन, ४ सुवर्ण आणि १ रौप्य. जमैका १२ पदकं जिंकूनही त्यांच्या खाली, कारण त्यांची सुवर्णं तीनच होती आणि तालिका आधी सुवर्ण बघते.

स्पेनची ती चार सुवर्णं आली कुठून? चालण्याच्या शर्यतीतून, आणि ती फक्त दोन माणसांची. अल्वारो मार्तीन आणि मारिया पेरेस यांनी २० आणि ३५ किलोमीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. दोघांचा पराक्रम अफाट आहे. पण त्यावरून स्पेन सगळ्याच अ‍ॅथलेटिक्समध्ये जमैकाच्या पुढे आहे, असं म्हणता येणार नाही.

म्हणून आणखी एक तक्ता ठेवतात. त्यात पहिल्याला ८ गुण, दुसऱ्याला ७, असं करत आठव्याला १. पदकतालिकेत जेना आणि मनू दिसतच नाहीत. या तक्त्यात दिसतात. पुरुषांचा ४ गुणिले ४०० मीटर रिले संघही दिसतो. मोहम्मद अनस, अमोज जेकब, मोहम्मद अजमल आणि राजेश रमेश यांनी प्राथमिक फेरीत २ मिनिटं ५९.०५ सेकंदांचा आशियाई विक्रम केला, अमेरिकेच्या मागोमाग दुसरे आले आणि अंतिम फेरीत पाचवे. देशाचा खेळ वाढतोय की नाही, हे मला विचारलं तर मी पदकांआधी हा तक्ता बघायला सांगेन.

रिलेबद्दल एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. प्राथमिक फेरीत धावलेल्या पण अंतिम फेरीत नसलेल्या धावपटूंनाही संघाचं पदक मिळतं. चौघांच्या पदकामागे पाच-सहा जण असतात.

निकालानंतरचा निकाल

फलकावरचा निकाल शेवटचा नसतो. जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात त्यावर आक्षेप घेता येतो. २०१९ मध्ये दोहा इथे ११० मीटर अडथळ्यांत जमैकाचा ओमार मॅकलाउड अडखळला आणि शेजारच्या लेनमधल्या स्पेनच्या ओर्लांदो ओर्तेगाच्या वाटेत आला. ओर्तेगा पदकाच्या जागेवरून पाचवा फेकला गेला. आक्षेप मान्य झाला आणि त्याला कांस्य मिळालं. तिसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या पास्कल मार्टिनो-लागार्दचं कांस्यही तसंच राहिलं, कारण त्याची काहीच चूक नव्हती. एकाच शर्यतीत दोन कांस्यपदकं.

खरी लांबण उत्तेजकांच्या तपासणीत लागते. नमुने दहा वर्षांपर्यंत साठवून ठेवता येतात आणि नव्या पद्धतींनी पुन्हा तपासता येतात. २०११ ला डेगूत हेप्टॅथलॉनचं, म्हणजे महिलांच्या सात प्रकारांच्या स्पर्धेचं, सुवर्ण रशियाच्या तात्याना चेर्नोव्हाला मिळालं होतं. पुढे तिचे निकाल रद्द झाले. ब्रिटनची जेसिका एनिस-हिल तेव्हा दुसरी होती. तिच्या हातात ते सुवर्ण २०१७ मध्ये लंडनला पडलं, तेव्हा ती निवृत्तही झाली होती. आपल्या अंजू बॉबी जॉर्जचंही असंच. २००३ ला पॅरिसमध्ये ६.७० मीटर उडी मारून तिनं भारताला जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक, कांस्य, मिळवून दिलं. २००५ च्या मोनाको इथल्या वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स फायनल या वेगळ्या स्पर्धेत ती दुसरी आली होती. पहिली आलेली रशियाची तात्याना कोतोव्हा उत्तेजकांत सापडली आणि २०१४ मध्ये ते सुवर्ण अंजूचं झालं. नऊ वर्षांनी. पदक येतं, पण त्या संध्याकाळचं राष्ट्रगीत, ती गर्दी, सरावासाठी मिळू शकली असती ती मदत, हे काही परत येत नाही. फसवणुकीचं नुकसान दुसऱ्या क्रमांकाच्या माणसानं भोगलेलं असतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात भरून निघत नाही.

बुडापेस्टच्या त्या तिघांपैकी दोघं दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, टोकियोत १०० मीटरच्या अंतिम फेरीत पुन्हा एका रेषेवर उभे राहिले. ज्याला एका हजारांशानं रौप्य मिळालं होतं, तो तेबोगो बंदुकीआधीच हलला आणि बाहेर गेला. ज्याचं कांस्य तीन हजारांशांनी हुकलं होतं, तो ओब्लिक सेव्हिल ९.७७ सेकंदांत पहिला आला. या वेळी दुसऱ्या आलेल्या किशेन थॉम्पसनची वेळ होती ९.८२, आणि फोटो न बघताही पहिला कोण हे सगळ्या मैदानाला दिसलं होतं.